अकरा महिन्यांच्या जमिनीवर

घोडबंदर रोडनं कधी गेलात, तर दोन्ही बाजूंच्या नर्सऱ्या कुठल्या जागेवर आहेत ते जरा निरखून बघा. एखादी उच्चदाबाच्या तारांखाली असेल. एखादी नाला आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. एखादी आरक्षण पडलेल्या, पण पुढे काहीच न झालेल्या प्लॉटवर. आणि एखादी अशा जमिनीवर, की जिचे सगळे वारस दिवाणी कोर्टात भेटतात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ठाण्यात नर्सरी कुठे असते, तर जिथे बिल्डिंग उभी राहू शकत नाही तिथे. किंवा अजून राहिलेली नाही तिथे.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचा धंदा याच फटीत चालला आणि बरा चालला. आजोबांची कोलशेतची, बाबांची मानपाड्याची, आणि आता मी आणि माझा चुलत भाऊ चालवतो ती ओवळ्याची. नर्सरी एकच, जागा तीन. चौथी शोधतोय, म्हणून हे सगळं लिहून ठेवायचं मनात आलं.

आजोबा वेंगुर्ला तालुक्यातले. मुंबईला गिरणीत जाण्याऐवजी ते ठाण्याला उतरले, कारण गावचा एक माणूस इथल्या कारखान्यात माळी होता आणि त्यानं हाताखाली घेतलं. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींतली. पण कोलशेत, पोखरण, माजिवडे या बाजूलाही मोठमोठ्या कंपन्या जागा घेत होत्या, आणि प्रत्येक कंपनीला गेटापासून ऑफिसपर्यंत बाग हवी होती. त्या बागांचा साचा ठरलेला. मध्ये लॉन, कडेला मेंदीचं कुंपण, त्यात क्रोटनची झुडपं, आणि आतल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर नाहीतर पेल्टोफोरम, म्हणजे आपला सोनमोहर. सावली लवकर हवी, फुलं रंगीत हवीत आणि साहेबाच्या बदलीच्या आत झाड डोक्यावर गेलेलं दिसलं पाहिजे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. ठाण्याच्या पावसात त्याची उथळ मुळं दगा देतात हे आजोबांना पाच-सहा पावसाळ्यांत कळलं होतं. पण माळ्याला कोण विचारतो?

कंपनीच्या बागेच्या मागच्या कोपऱ्यात ते स्वतःची रोपं करायचे. काळ्या पिशव्या तेव्हा सर्रास नव्हत्या. डालड्याचे डबे, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेले. साहेबांच्या बंगल्यावर, मग साहेबांच्या मेव्हण्यांच्या बंगल्यावर अशी ती रोपं जायला लागली. पुढे कंपनीत कुणीतरी हरकत घेतली तेव्हा आजोबांनी खाडीकडच्या बाजूला एका आगरी शेतकऱ्याचा भाताचा तुकडा मागितला. बांध फुटून खारं पाणी आत आलं होतं, भात होत नव्हता. मालक हो म्हणाला. त्यानं घातलेली एकच अट आमच्या घरात आजही म्हणून दाखवतात: "झारां लावा, पन जमिनीन रोवू नका."

या एका वाक्यावर आमचा धंदा उभा आहे. डब्यातलं, पिशवीतलं, कुंडीतलं झाड उद्या उचलून नेता येतं. जमिनीत रुजलेलं झाड म्हणजे हक्क, साक्षीदार, भांडण. आणि १९७५ साली महाराष्ट्रात शहरांमधल्या झाडांच्या जतनाचा कायदा आला, तेव्हापासून तर त्याला परवानगीची भानगडही चिकटली. जमिनीतलं झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज. पिशवीतल्या झाडाला कुणी विचारत नाही. मालकाला कायदा वगैरे माहीत असण्याचं कारण नव्हतं, त्याची अट कायद्याच्या आधीची. पण पुढे आम्हाला भेटलेल्या प्रत्येक मालकानं तीच अट घातली. शिकलेल्यांनी ती स्टॅम्पपेपरवर घातली, एवढाच फरक.

अट पाळायला सोपी वाटते, पण पाळायला माणसं लागतात. पिशवी एका जागी ठेवली की पावसाळ्यात मूळ तळातून बाहेर पडतं आणि सरळ जमिनीत घुसतं. म्हणून दर काही महिन्यांनी पिशव्या फिरवाव्या लागतात. प्रत्येक रांग उचलायची, बाहेर आलेलं मूळ सिकेटरनं छाटायचं, पिशवी हातभर पुढे सरकवायची, रोप दोन-चार दिवस मान टाकतं म्हणून सावलीत धरायचं. आमच्या लहानपणी मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी म्हणजे पिशव्या फिरवणं. माझी मैत्रीण मामाच्या गावाला जायची आणि मी तगरीची मुळं कापत बसायची.

कोलशेतच्या जागेचा खरा शत्रू मालक नव्हता, पाणी होतं. मार्च उलटला की विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. मे महिन्यात तर आंब्याच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी व्हायच्या. नारळ आणि उंडी तेवढी तग धरून राहायची. आजी म्हणे पाणी आधी स्वतः चाखायची आणि मग कुठल्या रांगेला घालायचं ते सांगायची.

आता आत्याबद्दल. आमच्या नर्सरीचं नाव ज्या आंब्याच्या कलमांनी झालं, ती कलमं आजोबांची म्हणून ओळखली जायची. बांधायची मात्र आत्या. जुनी पद्धत भेट कलमाची: आंब्याच्या मोठ्या झाडाखाली मांडव घालायचा, त्यावर रोपांच्या कुंड्या चढवायच्या, रोपाचं खोड आणि झाडाची फांदी दोन्ही सालून एकमेकांना भिडवायची आणि केळीच्या सोपटानं आवळून बांधायची. महिने लागतात, आणि मुख्य म्हणजे खाली स्वतःचं मोठं झाड लागतं. ते आमच्याकडे कुठून असणार? जमिनीत रोवायचं नाही असं ठरलेलं. १९७२ साली दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ झालं, आणि त्या दशकात कोय कलमाची पद्धत कोकणात सगळीकडे पसरली. आमच्यासारख्या बिनझाडाच्या, बिनजमिनीच्या लोकांसाठी ती देवानंच पाठवली.

कोय कलम असं असतं. जूनमध्ये रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी गोळा करायच्या. कोय वाळली की गेली, काही आठवड्यांतच तिच्यातला जीव संपतो. आजोबा सायकलवर पोती लावून स्टेशनाजवळच्या रसवाल्यांकडे आणि मंगल कार्यालयांच्या आचाऱ्यांकडे फिरायचे. कोयी पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या गादीवाफ्यावर लावायच्या. कोंब येतो, कोवळी तांबूस पानं फुटतात, दहा-पंधरा दिवसांचं रोप होतं. तो खुंट. त्याच वेळी गावाहून हापूसच्या काड्या यायच्या. गावच्या झाडावर काका आठ-दहा दिवस आधीच निवडलेल्या फांद्यांची पानं देठ ठेवून कापून टाकायचा, म्हणजे डोळे फुगून तयार राहतात. मग काड्या तोडायच्या, ओल्या फडक्यात, वर केळीच्या पानात गुंडाळायच्या आणि रातराणी एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली. सकाळी ठाण्याच्या डेपोवर आत्या उभी.

आणि मग दिवसभर ती पाटावर बसून कलमं बांधायची. खुंट चार बोटं ठेवून वरचा भाग उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. पाचर चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट गुंडाळायची. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे हवेत, निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे, चाकू दाढीच्या पात्यासारखा हवा आणि कापलेल्या जागेला बोट लागता कामा नये. आजोबा मला म्हणायचे, "गो बाय, काडी डोळ्यांनी नाय, बोटांनी वळखूची." आत्याची बोटं ओळखायची. कृषी खात्यातले एक साहेब एकदा आले आणि आजोबांचं कौतुक करून गेले. आत्या तेव्हा पाठमोरी बसून पट्ट्या कापत होती. लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली, त्यानंतर बरीच वर्षं जून-जुलैत रोज लोकलनं येऊन कलमं बांधून जायची. जुन्या बिलबुकांत, वहीत, परवान्यावर, कुठेही तिचं नाव नाही. आमची नर्सरी कुणी उभी केली असं मला विचारलंत तर मी तिचं नाव सांगेन.

फळझाडांचा मोठा काळ आला तो १९९० साली. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कोकणात डोंगरच्या डोंगर आंबा-काजूच्या कलमांनी भरले. कलमांना इतकी मागणी की कलम म्हणून काहीही खपत होतं. रायवळच्या रोपाला पट्टी गुंडाळून हापूस म्हणून विकणारे महाभागही होते. (पान चुरगळून वास घ्या असं जाणते सांगतात. पण गिऱ्हाईक वास घेतो आणि मान डोलावतो, कळत काही नसतं.) आमच्या हाती मात्र त्या लाटेतलं थोडकंच लागलं. फळरोपांच्या नर्सऱ्यांसाठी राज्यात १९६९चा कायदा आहे, त्याचा परवाना आमच्याकडे होता. पण मोठ्या सरकारी पुरवठ्यासाठी स्वतःच्या मातृवृक्षांची बाग दाखवावी लागायची. मातृवृक्ष म्हणजे ज्याच्या काड्या कलमांना घ्यायच्या ते, जमिनीत रुजलेलं झाड. पुन्हा तेच. कोकणातल्या, स्वतःची जमीन असलेल्या नर्सऱ्या त्या दहा वर्षांत मोठ्या झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. बाबांना याचं वाईट वाटायचं. मला आता वाटत नाही.

तोपर्यंत आम्ही मानपाड्याला आलो होतो. १९८२च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे महापालिका झाली आणि घोडबंदर रोडच्या बाजूची गावं शहरात मोजली जाऊ लागली. त्या काळात शहरातल्या मोकळ्या जमिनींवर कमाल जमीन धारणा कायद्याची टांगती तलवार होती: मर्यादेबाहेरची मोकळी जमीन सरकार ताब्यात घेऊ शकायचं. आमचा मानपाड्याचा मालक हुशार माणूस. जमीन ओसाड दिसण्यापेक्षा हिरवी दिसलेली बरी, असं त्याचं गणित. नर्सरीवाल्याला ठेवायचं, भाडं नावापुरतं घ्यायचं, वर त्याच्याकडूनच राखण करून घ्यायची. बाबा याला "सातबाऱ्यावरचा मेकअप" म्हणायचे. २००७च्या शेवटी महाराष्ट्रानं तो कायदा रद्द करेपर्यंत ठाण्यातल्या कितीतरी नर्सऱ्यांना अशाच कारणानं थारा मिळाला, असं माझं मत आहे.

मानपाड्याच्या बिलबुकांत आंबा मागे पडतो आणि आसुपालव पुढे येतो. सोसायट्यांचा जमाना. भिंतीला लागून सरळ उंच वाढणारं, जागा न खाणारं, खायचं फळ नाही म्हणून पोरं दगड मारत नाहीत, असं ते झाड. लोक त्याला अशोक म्हणतात, आणि खरा सीतेचा अशोक दाखवला तर "हा नको, तो सरळवाला द्या" म्हणतात. सोसायटीच्या सेक्रेटरींची मागणी अजूनही तीच असते: ज्याची पानं पडत नाहीत असं झाड द्या. मी सांगते, आहे, प्लॅस्टिकचं. मग ते हसतात आणि आसुपालव नेतात.

मग बिल्डर आले, आणि त्यांना रोप नको होतं, झाड हवं होतं. सॅम्पल फ्लॅट दाखवायच्या दिवशी गेटवर पंधरा फुटी पाम उभे पाहिजेत. असे पाम आमच्याकडे कधीच नव्हते, ते येतात आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून. गोदावरीकाठची ती गावंच्या गावं नर्सऱ्यांची. तिथली माती, पाणी आणि वर्षानुवर्षं एका जागी राहिलेल्या बागा, यांपुढे घोडबंदरच्या नर्सरीवाल्याचा टिकाव कसा लागणार? ट्रक पहाटे यायचे, मातीच्या हुंडीला, म्हणजे मुळांभोवतीच्या गोळ्याला, गोणपाट शिवलेले पाम आडवे रचलेले. काकांनी हा धंदा पकडला: कडियमहून माल आणायचा, साइटवर लावून द्यायचा, वर्षभर निगा राखायचं कंत्राट घ्यायचं. पैसे त्यात होते. बाबा मात्र त्याला नर्सरी म्हणायला तयार नव्हते. दुसऱ्यानं वाढवलेलं झाड विकणं म्हणजे दुकान, असं त्यांचं म्हणणं. यावरून घरात बरीच वर्षं धुसफूस होती. मला दोघांचंही पटतं. काकांच्या पैशावर बाबांची रोपं वाढली हेही खरं.

मानपाड्याची जागा सोडायची वेळ आली ती अर्थात टॉवर येणार म्हणून. पिशव्या टेम्पोत चढल्या. पण एका कोपऱ्यातल्या जांभळाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पिशवी कधीच फाटलेली, मूळ कधीच खाली गेलेलं, झाड दोन माणूस उंच. मालकानं कपाळाला हात लावला. त्यानं परवानगीच्या फेऱ्या मारल्या की बिल्डरनं नकाशाच सरकवला, ते आमच्यापर्यंत आलं नाही. जांभूळ आजही त्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगच्या कडेला आहे. वृक्षगणनेचा नंबर आहे त्याच्यावर. जून लागला की खालच्या पांढऱ्या गाड्यांची जी अवस्था होते त्यावरून सोसायटीत दरवर्षी तक्रारी होतात, असं तिथला वॉचमन सांगतो. बाबा ऐकून खूश व्हायचे. तीन पिढ्यांत ठाण्याच्या जमिनीत आमच्या नावावर रुजलेलं ते एकच झाड, आणि तेही चोरून.

ओवळ्याला आम्ही तारांच्या खाली आहोत. नागलाच्या जंगलाकडून येणारा ओढा जवळ, त्यामुळे पाणी गोड. २००५च्या २६ जुलैला तेच पाणी आत शिरलं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे किती झाला ते कुणी मोजलं नाही, पण नुकतीच बांधलेली कोय कलमं पिशव्यांसकट तरंगत रस्त्यापलीकडे गेली. जुलैचा शेवट म्हणजे ऐन कलमांचा हंगाम. त्यानंतर आंब्याची कलमं बांधणं आम्ही जवळजवळ सोडलंच. आत्याचेही हात तोवर थरथरायला लागले होते.

माझा काळ सुरू होतो तो इथून. मी बॉटनी केलं आणि दोन वर्षं शिकवण्या घेतल्या, मग बाबांची कंबर गेली तेव्हा नर्सरीत बसायला लागले. माझी आवड देशी झाडांची: ताम्हण, बहावा, करंज, शिवण, बेहडा, कुंभा, मुचकुंद, पांगारा, नांद्रुक. सुरुवातीला भाऊ म्हणायचा, "ताई, हे कोण घेणार? लोक फुकट दिलं तरी नेणार नाहीत." पहिल्या काही वर्षांत त्याचं बरोबर होतं.

देशी झाडं विकणं पुढची गोष्ट, ती उगवणं हेच आधी अवघड. ताम्हणाची बोंडं हिवाळ्यात उकलतात आणि आतलं बी पंखाचं, हलकं. बरंचसं पोकळ निघतं. आपल्या राज्याचं फूल, पण भरपूर पेरावं तेव्हा बेताची रोपं हाती लागतात. बहाव्याचं बी दगडासारखं, गरम पाण्यात भिजवल्याशिवाय नाहीतर कडेला घासल्याशिवाय ढिम्म हलत नाही. करंज बिचारा सरळ आहे, ताजी शेंग फोडून बी पेरलं की आला. कदंबाचं बी तर तपकिरीसारखं, शिंक आली तर हंगाम गेला. वड, पिंपळ आणि उंबर आम्ही पेरतच नाही. जुन्या नौपाड्यातल्या इमारतींच्या भिंतींत पक्ष्यांनी ते पेरून ठेवलेले असतात. पावसाळ्याआधी सोसायटीवाले काढायला बोलावतात, मी मुळासकट अलगद सोडवून आणते आणि पिशवीत लावते. काढायचे पैसे वेगळे, विकायचे वेगळे. बाकीचं बी मुरबाड-शहापूरकडच्या ठाकर आणि कातकरी बायका आणून देतात. रानभाजी घेऊन ठाण्याला येतात, त्याच टोपलीत खाली बियांचं गाठोडं असतं. कुठल्या झाडाचं बी यंदा धरलेलं नाही हे त्या मला वर्तमानपत्राच्या आधी सांगतात.

वर्षभराचा गल्ला मात्र देशी झाडांवर चालत नाही, तो सणांवर चालतो. पाडव्याला कडुलिंब, वटपौर्णिमेला कुंडीतला हातभर वड (फांदी तोडण्यापेक्षा हे बरं, म्हणून हल्ली बऱ्याच बायका तो नेतात आणि पुढच्या वर्षी परत आणून देतात, मी ठेवून घेते), दसऱ्याला आपटा आणि शमी, तुळशीच्या लग्नाला तुळस. आपट्याच्या नावाखाली बाजारात कांचन ओरबाडला जातो हे दरवर्षी गिऱ्हाइकांना समजावते. समजतं, तरी कांचनच लुटतात. आणि २०२०च्या टाळेबंदीनंतर बाल्कनीवाल्यांची जी रांग लागली, तिनं आधीच्या बंद महिन्यांचा सगळा तोटा भरून काढला. स्नेक प्लांट, झेड झेड, मनी प्लांट. माझ्या आवडीचं त्यात काही नाही, पण वीजबिल त्यांनीच भरलं.

आता मुद्द्याची अडचण. २०२१ साली त्या १९७५च्या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या पुढचं झाड हे वारसा वृक्ष. कुठलंही झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, म्हणजे चाळीस वर्षांच्या झाडाच्या बदल्यात चाळीस. ती लावताना सहा ते आठ फुटी हवीत, त्यांचं जिओ टॅगिंग करायचं आणि सात वर्षं ती जगली की नाही हे बघायचं. कायदा मला आवडला. बोटभर रोपं खड्ड्यात टाकून फोटो काढण्याचे दिवस गेले पाहिजेत असं मी कधीची म्हणत होते.

पण आठ फुटी शिवण किंवा कुंभा येतो कुठून? कुणीतरी तो दोन-तीन वर्षं वाढवलेला असतो. आधी पाच बाय सात इंची पिशवीत, मग आठ बाय दहा, मग बारा बाय बारा, मग अठराच्या. प्रत्येक वेळी नवी माती, नवं शेणखत, जास्त जागा, जास्त अंतर. आणि आमचा करार असतो अकरा महिन्यांचा. वर्षाच्या पुढे गेलं तर भाडेपट्टा रीतसर नोंदवावा लागतो, ते कुठल्याच मालकाला नको असतं, म्हणून अकरा. त्यात तारांखाली उंच झाड ठेवायला मनाई. वीज कंपनीची माणसं येऊन शेंडे उडवून जातात, आणि त्यांची चूक नाही, ते धोक्याचंच आहे. म्हणजे कायद्याला जे झाड हवंय ते वाढवायला ठाण्यात जागा नाही, आणि जिथे जागा मिळते तिथे ते झाड चालत नाही. मग कंत्राटदार काय करतो? कडियमला फोन. तिथून येतात एकसारखी सरळ, जोमदार झाडं, यादीतलं नाव जुळतं, टॅग लागतो. आंध्रातल्या मातीत, आंध्रातल्या बियाण्यातून वाढलेला अर्जुन आमच्या ओवळ्याच्या अर्जुनाच्या जागी उभा राहतो. वाईट झाड नव्हे ते. पण सह्याद्रीच्या उतारावरचं बी गोळा करून आणणाऱ्या बाईला त्यातून काही मिळत नाही, आणि आम्हालाही.

मला विचाराल तर उपाय फार मोठा नाही. महापालिकांकडे उद्यानांच्या, मैदानांच्या आरक्षणाच्या जागा वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांतला एखादा तुकडा स्थानिक नर्सऱ्यांना पाच-सात वर्षांच्या लेखी कराराने द्या. भाडं बाजारभावाने घ्या, फुकट नको. बदल्यात ठरलेल्या जातींची ठरलेल्या उंचीची झाडं आम्ही पुरवू. हे मी दोन सभांमध्ये बोलले. दोन्हीकडे टाळ्या पडल्या आणि शाल मिळाली.

सध्याच्या मालकानं दसऱ्यापर्यंतची मुदत दिली आहे. भांडण नाही, तोही किती वर्षं थांबला. भाऊ म्हणतो पडघ्याच्या पुढे जाऊ, तिकडे सलग जमीन मिळते आणि लांबचा करार करायला लोक तयार आहेत. मी बदलापूर-मुरबाड रस्त्याच्या बाजूला बघते आहे, म्हणजे बी आणणाऱ्या बायकांना लोकलचे धक्के खावे लागणार नाहीत. गिऱ्हाईक मात्र घोडबंदरलाच आहे, ते मुरबाडला तुळस घ्यायला येणार नाही. तेव्हा इथे रस्त्यालगत छोटा गाळा आणि तिकडे वाढवायची जागा, असं काहीतरी करावं लागेल. काकांचीच पद्धत की ती, फक्त माल आपला.

हलवताना एक अडचण आहे, आणि त्यासाठीच ही पोस्ट खरं तर. अठराच्या आणि एकवीसच्या पिशव्यांत, काही सिमेंटच्या ड्रमात, बारा-पंधरा जातींची मोठी झाडं उभी आहेत: ताम्हण, बहावा, कुंभा, मुचकुंद, बेहडा, दोन नांद्रुक, एक सुरंगी. तारांमुळे शेंडे कापलेले, म्हणून दिसायला बुटकी आणि फांदोरी, पण खोडं मनगटाएवढी आहेत. टेम्पोतून लांब नेली तर हुंड्या फुटतील. ठाण्यात कुणाच्या सोसायटीत, शाळेत, गावच्या घराच्या आवारात खरोखर जागा असेल, वर तारा आणि खाली पाइपलाइन नसेल, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला माणूस असेल, तर येऊन बघून जा. किंमत फक्त पिशवी आणि मातीची. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा आधीच खणून ठेवायचा, आणि न्यायचं पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर. सुरंगी मी सोसायटीला देणार नाही. तिला शेजारी दुसरं झाड नको, सकाळचं ऊन हवं आणि वास आवडणारं माणूस हवं. नांद्रुक मात्र ज्यांच्याकडे निदान अर्धा गुंठा मोकळा आहे त्यांनीच मागावा. पार्किंगच्या कोपऱ्यात लावतो म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते, हे आधीच सांगून ठेवते.